रिकाम्या फोटोतलं धुकं

सांगलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर वाटव्यांचा दवाखाना होता, आणि त्या दवाखान्याच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत नेमिनाथ मगदूम होते. सगळी गल्ली त्यांना नेमाण्णा म्हणायची. आमचं औषधाचं दुकान बरोबर समोर. त्यामुळे दवाखान्यात कोण रडत गेलं, कोण हसत बाहेर आलं, आणि कोण आजार नसताना नुसतंच नवी नर्स बघायला गेलं, हे मला गल्ल्यावर बसल्याबसल्या कळायचं. मी कान लावून बसायचो असं आमची मंडळी म्हणते. बसायचो. दुकान उघडं ठेवून कान बंद ठेवायचे, हे मला कधी जमलं नाही.

नेमाण्णा एक्स-रे काढायचे. त्याआधी ते गणपती पेठेत एका फोटो स्टुडिओत होते, आणि स्टुडिओ सुटला तरी स्टुडिओ त्यांच्यातून सुटला नव्हता. एक्स-रेच्या खोलीत त्यांनी आरसा टांगला होता. आरशाखाली कंगवा, पावडरचा डबा. बरगडी मोडलेला माणूस कण्हत आत आला की नेमाण्णा आधी त्याची कॉलर सरळ करायचे.

"मान जरा डावीकडं. हां, झकास! आता जरा हसऱ्या चेहऱ्यानं."

मी एकदा विचारलं, "अहो नेमाण्णा, फोटो बरगड्यांचा. त्यात केस कुठं दिसणार?"

"दिसत न्हाईत. पण भांग पाडला की माणूस नीट उभा राहतो," म्हणाले.

सांगली, मिरज, कोल्हापूर, कुठंही आपल्यासारखा छातीचा फोटो निघत नाही, असं ते स्वतःच सांगायचे. दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांची ठरलेली वाक्यं होती: "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." ती त्यांच्या तोंडात इतकी बसली होती, की घरी गुणमालावहिनींनी भांडण काढलं तरी ते एवढंच म्हणायचे, "धरा." वहिनी धरायच्या नाहीत, ही गोष्ट वेगळी. गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू यायचं.

आता खंडेनवमीचं सांगतो, दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं. त्या दिवशी आपल्याकडं प्रत्येकजण आपापल्या पोटापाण्याच्या वस्तूची पूजा करतो. शेतकरी मोटरपंपाची करतो, हळदीचा व्यापारी काट्याची. नेमाण्णा एक्स-रेच्या यंत्राची करायचे. झेंडूची माळ, हळद-कुंकू, पुढ्यात नारळ. एका वर्षी नारळ जरा जोरात फुटला, पाणी वायरींत गेलं आणि ऐन सणाला गल्लीभर वीज गेली. डॉक्टर वाटवे पुण्यात शिकलेले, देवाधर्माचं वावडं असलेले. ते पुरणपोळीच्या ताटावरून उठून आले.

"नेमिनाथ, ह्या यंत्रावर पुन्हा एक फूल जरी दिसलं ना, तर तुला परत लग्नाचे फोटो काढायला पाठवीन!"

तेव्हापासून फुलं बंद झाली. नारळ बंद झाला. नवमीला यंत्र पुसायचं आणि त्याच्या तोंडावरचा, किरण बाहेर पडतात तो भोंगा उतरवून धुवायचा, एवढंच राहिलं. त्याला डॉक्टरांची हरकत नव्हती. पूजा संपली, असं डॉक्टर धरून चालले.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. कडेगावहून नाथाजी हवालदार आले. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अजून परेडवर, पण घरात शिपायाच्याही खालचं पद. कारण घराच्या कर्नल होत्या चंद्राबाई, त्यांची बायको. सोबत सून अंजना, वाईची लेक, आणि तिच्या कडेवर नुकतं पालथं पडायला लागलेलं पोर. पोराचा बाप कृष्णात आसामकडं पलटणीत. अंजनाला कितीतरी दिवस खोकला होता आणि तो हटत नव्हता.

डॉक्टरांनी तपासलं, थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि छातीचा फोटो काढायला सांगितला. नेमाण्णांनी अंजनाच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, श्वास घ्या, धरा, सोडा, झालं. ओली फिल्म डॉक्टरांनी दिव्याच्या पेटीवर लावली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

एक्स-रेत फुप्फुस काळं दिसायला हवं. आत हवा असते, किरण तिच्यातून आरपार जातात आणि फिल्म काळी करतात. वाटेत काही आडवं आलं की तेवढी जागा पांढरी राहते. हाड आडवं येतं, नाहीतर आजार. अंजनाच्या उजव्या खांद्याखाली पांढुरकं धुकं होतं. त्याला कड नव्हती, आकार नव्हता. पहाटे नदीवर असतं तसलं.

"थुंकीत जंतू सापडले नाहीत," डॉक्टर म्हणाले, "पण हे धुकं मला आवडत नाही. क्षय असू शकतो. महिना-दीड महिना औषध घेऊ, मग पुन्हा फोटो काढू. तोवर बाळाला जरा लांब ठेवा."

डॉक्टर 'जरा लांब' म्हणाले होते. त्यातलं 'जरा' चंद्राबाईंनी एस.टी.तच टाकून दिलं. त्यांची धाकटी बहीण हरणाबाई लहानपणी खोकूनखोकून गेली होती, एकाच अंथरुणावर, ह्यांच्या शेजारी. त्यांनी घरी पोचल्यापोचल्या पोर ताब्यात घेतलं. अंजनाचं अंथरूण गोठ्याकडच्या पडवीत टाकलं. पोराला शेळीचं दूध. अंजनानं उंबऱ्याच्या अलीकडूनच बघायचं. त्या उंबऱ्यापलीकडं पोर बसायला लागलं, मग रांगायला लागलं. रांगत ते आईकडंच यायचं आणि उंबऱ्याशी आलं की आजी उचलून न्यायची. हे मला नाथाजींनीच सांगितलं, दुकानात खोकल्याचं औषध घेताना. सांगताना मिशा परेडवर नव्हत्या.

मग दसरा झाला, दिवाळी झाली आणि कडेगावची मंडळी पुन्हा आली. पुन्हा फोटो निघाला.

धुकं वाढलं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्मा शेजारीशेजारी लावल्या. मग म्हणाले, "औषधाला दाद देत नाहीये. मिरजेच्या बाजूला क्षयाचं रुग्णालय आहे. तिथं ठेवावं लागेल. सहा-आठ महिने, कदाचित जास्त."

मी त्या वेळी औषधांच्या बाटल्या द्यायला म्हणून आत गेलो होतो. खरं म्हणजे बाटल्या संध्याकाळी दिल्या असत्या तरी चाललं असतं.

अंजना भिंतीला टेकून उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "डाक्टर, मी परत येस्तवर बाळ मला वळखंल का?"

नेमाण्णा उगीचच कंगवा पुसत राहिले. चंद्राबाईंना मात्र असली शांतता सोसत नसे.

"वाईवाल्यांनी आजारी पोर आमच्या गळ्यात मारली, दुसरं काय!"

"आत्ती, माझ्या म्हायेरात कुनी खोकत बी न्हाई," अंजना खाली बघत म्हणाली. आणि मग इतक्या दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. "खोकून गेल्या त्या तुमच्याच हरणामावशी."

चंद्राबाईंनी कडेवरचं पोर नाथाजींच्या हातात कोंबलं आणि पदर खोचला.

"काढा! माझा बी फोटू काढा! कुनाच्या छातीत काय हाय ते एकदा हुंदे!"

डॉक्टर नको नको म्हणत होते. पण चंद्राबाईंना नको म्हणून कुणी जिंकलं असेल तर ते निदान कडेगावातलं नव्हतं.

"मावशी, बोरमाळ काढून ठिवा," नेमाण्णा म्हणाले.

"लग्नापासनं गळ्यात हाय ती. कशाला काढू?"

"फोटोत हाडांच्या मदी मणी दिसतील."

"दिसू द्यात. चांगलेच दिसतील."

शेवटी बोरमाळ नाथाजींच्या मुठीत गेली. नेमाण्णांनी सवयीनं म्हटलं, "जरा हसऱ्या चेहऱ्यानं."

"हसाय काय झालंय रं मुडद्या?"

श्वास घेतला, धरला, सोडला. बाईंनी तो इतक्या जोरात सोडला, की बाहेर मला वारं लागलं असं मी नंतर गल्लीत सांगितलं, आणि लोकांना पटलं.

फिल्म आली. चंद्राबाईंच्या उजव्या खांद्याखाली धुकं होतं. तीच जागा, तसलंच बिनकडेचं.

डॉक्टरांनी त्यांना तपासलं. पुढून, मागून, नळी लावून. बाईंचं वजन, भूक, आवाज, सगळं घोड्यासारखं. पण त्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मग हळूच अंजनाकडं न बघता म्हणाल्या, "म्हंजे माझ्यामुळं झालं व्हय गं तुला?"

अंजनाला रडू फुटलं. आपल्या आजारापायी ती इतके दिवस रडली नव्हती.

डॉक्टर तिन्ही फिल्मा एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघत होते. तेवढ्यात नाथाजी बोलले. पोर एका हातात, बोरमाळ दुसऱ्या हातात.

"डाक्टरसाहेब, पलटणीत आमच्याकडं एक रायफल हुती. कुनीबी मारा, गोळी आपली उजवीकडंच जायाची. मानसं बदलून बघितली. लय शिव्या खाल्ल्या मानसांनी."

डॉक्टर वळले. "मीही तेच म्हणतोय मनात. दोन वेगवेगळ्या बायका, आणि धुकं एकाच जागी? नेमिनाथ, एक फोटो काढ."

"कुणाचा?"

"कुणाचाच नाही. तिथं कुणीही उभं राहायचं नाही."

नेमाण्णांचा चेहरा पडला. स्टुडिओतल्या माणसाला हा अपमानच. "मग श्वास घ्या कुणाला म्हणू?"

"भिंतीला म्हण!"

फोटो काढला. कुणी उभंच नव्हतं, म्हणजे फिल्म सगळीकडून सारखी काळी यायला हवी होती. आली ती वरच्या उजव्या अंगाला पांढुरकी.

चंद्राबाई पुढं वाकून बघत होत्या. "आगं बया! हवंला बी झालाय?"

आणि पहिल्यांदा डॉक्टर हसले. इतके, की चष्मा काढून पुसावा लागला.

मग शोध सुरू झाला. नेमाण्णा म्हणाले, फिल्म धुवायचं औषध जुनं झालं असेल. ताजं औषध कालवलं. धुकं तसंच. डॉक्टर म्हणाले, फिल्मचा डबा खराब असेल. डबा उलटा लावून काढला. धुकं उलटलं नाही, आपली जागा धरून राहिलं. म्हणजे डब्याचा दोष नाही, फिल्मचाही नाही. जे काही आहे ते किरण निघतात तिकडं.

"आता भोंगा सैल कर आणि अर्धा फेरा फिरवून बसव," डॉक्टर म्हणाले.

नेमाण्णा जागचे हलले नाहीत.

"अरे, फिरव!"

त्यांनी फिरवला. फोटो काढला. धुकं खाली डावीकडं गेलं होतं. भोंगा फिरला तसं तेही फिरलं होतं.

"सापडलं! उघड तो भोंगा."

"डॉक्टर, तुम्ही बसा. मी उद्या निवांत बघतो."

"नेमिनाथ."

भोंगा निघाला. त्याच्या आत, किरणांच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा एक पातळ पत्रा असतो. त्या पत्र्याच्या एका अंगाला शेंदूर होता. नुसता टिळा नव्हे हो. गावाबाहेरच्या दगडाला वर्षानुवर्षं फासून पोपडे येतात, तसला थरावर थर, आणि तेलाचा ओघळ खालपर्यंत सुकलेला.

"हे काय आहे?"

"शेंदूर."

"कुणी लावला?"

नेमाण्णा यंत्राकडं बघत म्हणाले, "दर नवमीला. थोडा थोडा. तुम्ही फुलं नको म्हणालात, नारळ नको म्हणालात. शेंदराचं काही बोलला न्हवता."

"आणि आत का लावला?"

"भायेर लावला असता तर तुम्हाला दिसला असता."

डॉक्टरांनी त्या पडद्यावर बोट ठेवलं, ज्याच्यामागं उभं राहून नेमाण्णा बटण दाबायचे. "ह्याला शिशाचा पत्रा का बसवलाय?"

"किरण अडवाय."

"आणि शेंदूर कशाचा असतो?"

नेमाण्णांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं, दुकानदार माणूस. मी दारातूनच म्हणालो, "शिशाचाच."

नेमाण्णा स्टुलावर बसले. डॉक्टरांनी मग सगळ्यांनाच समजावून सांगितलं. दिव्याच्या अगदी जवळ बोट धरलं, तर भिंतीवर सावली मोठी आणि फिकट पडते, तिला कड राहत नाही. शेंदूर किरणांच्या तोंडाशीच, म्हणून फोटोत डाग न दिसता धुकं दिसलं. हातापायाचे फोटो फिल्मच्या मधोमध आणि लहान, त्यांत ते आलंच नाही. छाती मोठी, तिच्या खांद्याशी आलं. आणि दर दसऱ्याला एक थर वाढत गेला, त्यामुळे ते इतकं हळूहळू चढलं, की रोज बघणाऱ्या डोळ्यांना सवय झाली.

"आणि हिचं धुकं दोन फोटोंत वाढलं ते?" नाथाजींनी विचारलं.

डॉक्टरांनी नेमाण्णांकडं बघितलं. नेमाण्णा पुटपुटले, "मदी नवमी झाली."

चंद्राबाई उठल्या. मला वाटलं, आता नेमाण्णा गेले. पण बाई म्हणाल्या, "राकेल हाय का? बघत काय बसलाय? घासा त्यो!"

राकेल आमच्या दुकानामागून मीच आणून दिलं. नेमाण्णांनी पत्रा घासला. डॉक्टरांनीही बाह्या सरसावून भोंगा पुसला आणि पुसतापुसता म्हणाले, "इतकी वर्षं छात्या तपासतोय. हे तोंड मी एकदाही उघडून बघितलं नाही." आधी पुन्हा कुणाचाच नसलेला फोटो काढला. फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी काळी आली. इतका रिकामा, इतका सुंदर फोटो त्या खोलीत कधी निघाला नसेल.

मग अंजनाला उभं केलं. कंगवा नाही, कॉलर नाही, हसा नाही. "श्वास घ्या. धरा." बटण दाबलं, यंत्र गुरगुरलं, थांबलं. नेमाण्णा फिल्म घेऊन पळाले ते 'सोडा' म्हणायचं विसरूनच. अंजना बिचारी छाती भरून तशीच उभी. गाल फुगलेले, डोळे बाहेर.

"आगं सोड की अंजे!" चंद्राबाई ओरडल्या. "निळी पडशील!"

अंजनानं श्वास सोडला, आणि त्याबरोबर आम्हा सगळ्यांचाही सुटला. इतका वेळ मीही धरून होतो हे मला तेव्हा कळलं.

ओली फिल्म टपटपत बाहेर आली. डॉक्टरांनी पेटीवर लावली. दोन्ही फुप्फुसं काळीभोर. उजवीकडं धुकं नाही, डावीकडं नाही.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. पुन्हा जवळून बघितलं. "काहीसुद्धा नाही. गुऱ्हाळाच्या धुरापाशी बसतेस का गं?"

"व्हय. घराच्या मागंच हाय."

"मग तिथं बसू नकोस. बाकी खोकल्याचं औषध समोरच्या चौकस दुकानदाराकडून घे."

चंद्राबाईंनी नाथाजींच्या हातातून पोर घेतलं. क्षणभर छातीशी धरलं. मग अंजनाच्या पुढ्यात धरलं. अंजनाचे हात पुढं आले आणि थांबले. सवय गेली होती. पोरानं तिच्याकडं टक लावून बघितलं, मग हात लांब करून नाकातली मोरणी धरली आणि ओढली.

"वळखलं!" चंद्राबाई म्हणाल्या. "वळखलं गं तुला!" आणि डोळ्यांना पदर लावून नेमाण्णांवर खेकसल्या, "तुझ्या शेंदराला आग लागू दे!"

पुढं राहिले ते बाकीचे लोक. गेल्या काही वर्षांत त्याच धुक्यावरून कितीजणांना औषधं चालू झाली असतील? सगळ्यांना गावोगावहून बोलवायचं म्हणजे घबराट. इथं नेमाण्णांचा स्टुडिओ कामाला आला. धुक्याची ती रिकामी फिल्म त्यांनी कोऱ्या फिल्मवर ठेवून दिव्यासमोर धरली आणि तिची उलटी नक्कल काढली. धुकं पांढरं होतं तिथं नक्कल काळपट, बाकी स्वच्छ. ही नक्कल जुन्या फोटोवर ठेवून पेटीवर लावली, की एकाचं पांढरं आणि दुसऱ्याचं काळं जुळून शेंदराची सावली विरून जायची. खाली माणसाची खरी छाती राहायची. बरोबर गडद नक्कल साधायला बऱ्याच फिल्मा वाया गेल्या. शिवाय जुन्या फोटोंना शेंदराचे थर कमी, म्हणून त्यांच्यासाठी फिकट नकला काढाव्या लागल्या. डॉक्टर आणि नेमाण्णा दोघंही पेटीसमोर वाकून बसायचे, एक म्हणायचा गडद, दुसरा म्हणायचा फिकट.

कितीतरी जणांचं धुकं असं गेलं. कोंडीबा गवंड्याचं मात्र गेलं नाही. नक्कल ठेवली तरी पांढरं राहिलं. तो खरोखर आजारी होता, आणि औषधावर राहिला म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं. नक्कल शेंदूर तेवढा पुसते, आजार पुसत नाही." ज्यांचं गेलं त्यांना डॉक्टरांनी स्वतः बोलावून सांगितलं, चूक आमच्या यंत्राची होती म्हणून. एकजण इतका खूश झाला, की त्यानं यंत्राला हार आणला. डॉक्टरांनी तो नेमाण्णांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "यंत्रापासून लांब उभा राहा."

पुढच्या नवमीला पूजा झाली, डॉक्टरांच्या समक्ष. शेंदूर लागला तो मेनस्विचच्या खोक्याला, पार दाराजवळ. नेमाण्णांनी पूजेआधी रिकामा फोटो काढला, पूजेनंतर रिकामा फोटो काढला, आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवले. ती त्यांची दरवर्षीची पद्धतच पडली.

चंद्राबाईंनी स्वतःची धुकंवाली फिल्म मागून नेली होती. कडेगावात घराच्या पुढच्या खिडकीला त्यांनी ती लावून टाकली. मी एकदा वसुलीला गेलो होतो तेव्हा बघितली. सकाळचं ऊन मागून आलं की बाईंच्या बरगड्या अख्ख्या वसरीत दिसायच्या. अंजना चुलीपाशी भाकरी थापत होती, खोकल्याचा आवाज नव्हता. पोर आता बोलायला लागलं होतं. ते आईच्या मांडीवरून उठलं, खिडकीशी गेलं आणि त्या पांढुरक्या धुक्यावर बोट ठेवून मला म्हणालं, "आज्जी."

"ती आज्जी न्हवं रं, त्यो नेमाण्णाचा शेंदूर," चंद्राबाई आतून ओरडल्या.

पोरानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, आणि पळत जाऊन पुन्हा आईच्या मांडीत शिरलं.